रंगाचा हात

लोखंडाच्या वस्तूला रंग देण्याचे काम तुमच्यापैकी अनेकांनी कधी ना कधी केलेले असेल. खिडकीचे गज, अंगणाचे फाटक, वडिलांची सायकल, आईची पत्र्याची ट्रंक यांपैकी काहीतरी गंजू लागते आणि मग एखाद्या रविवारी आपण पॉलिश पेपर, रेड ऑक्साइडचा डबा आणि ब्रश घेऊन बसतो. या कामासाठी मराठीत एक अर्थपूर्ण शब्दप्रयोग रूढ आहे. रंगाच्या थराला आपण ‘रंगाचा हात’ म्हणतो. ‘आज एक हात मारला, दुसरा उद्या मारू,’ असे रंगारी सहज बोलून जातो. थर म्हणजे वस्तूवर बसलेले द्रव्य. हात म्हणजे ते द्रव्य बसवणारा माणूस. द्रव्य सुकून गेले तरी माणसाचे नाव त्याला चिकटून राहते. मी तुम्हाला जी हकीकत सांगणार आहे, ती अशाच काही हातांची आहे. ज्या वस्तूवर ते हात पडले, ती मात्र आपल्या घरांत सहसा न आढळणारी आहे. ती एक रायफल होती.

मी गेली तीस वर्षे अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात राहते. माझी सारी नोकरी यंत्रांच्या सुट्या भागांवर संरक्षक लेप चढवणाऱ्या एका कारखान्यात झाली. त्यामुळे लोखंड, गंज आणि रंग हे तीन शब्द माझ्या वाट्याला इतरांपेक्षा अधिक आले. हा प्रदेश डोंगराळ आणि दाट जंगलांचा आहे. येथे पांढऱ्या शेपटीची हरणे विपुल आहेत. त्यांचा जुना शत्रू लांडगा या राज्यातून केव्हाच नाहीसा झाला, आणि हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम बव्हंशी शिकारीवर येऊन पडले. नोव्हेंबरच्या अखेरीस थँक्सगिव्हिंगचा सण आटोपला की रायफलीने हरीण टिपण्याचा हंगाम सुरू होतो. २०१९ पूर्वी तो सणानंतरच्या सोमवारी सुरू होई आणि त्या दिवशी अनेक शाळांना सुटी असे. हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना बंदूक बाळगणे हा गुन्हा आहे, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे हरणाच्या शिकारीचा विचारही करता येत नाही. मलाही आरंभी नवलच वाटले होते. पुढे शेजारधर्म वाढला, तसे हे लोक या हंगामाकडे आपल्याकडच्या सुगीसारखे पाहतात, हे ध्यानात आले. मांस वर्षभर पुरते, आणि आजोबा-नातू वर्षातून एकदा तरी सोबत चालतात.

माझ्या शेजारच्या घरात एक वृद्ध बाई एकट्या राहतात. यजमान निवर्तल्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी त्यांची रायफल नातवाला द्यायचे ठरवले. नातू एकोणीस वर्षांचा, दूरच्या महाविद्यालयात शिकणारा. रायफल कुलूपबंद कपाटातून बाहेर काढली तेव्हा तिच्यावर ठिकठिकाणी तांबूस ठिपके दिसले. मुलाने तिच्यावर नव्या पद्धतीचे, फवाऱ्याने मारायचे संरक्षक आवरण चढवण्याचा बेत केला. आजकाल अमेरिकेत असे आवरण घरच्या गॅरेजमध्येच मारण्याची पद्धत आहे. बाईंना हा बेत पटत नव्हता आणि मोडवतही नव्हता. त्यांनी मला बोलावले ते रंगातली जाणती म्हणून. मी गेले. प्राणी मारण्याच्या साधनाला आपला हात लागावा की नाही, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही असे नाही. परंतु त्या घरात मला विचारले जात होते ते निराळेच होते. एका माणसाची वस्तू जपायची तर तिच्यावरचे काय काढायचे आणि काय ठेवायचे, हा तो प्रश्न होता.

रायफल ‘स्प्रिंगफील्ड १९०३’ या जातीची होती. अमेरिकी सैन्याने हा नमुना १९०३ साली स्वीकारला आणि मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेत त्याचे उत्पादन सुरू झाले. दोन्ही महायुद्धांत या रायफली वापरल्या गेल्या. पुढे सैन्याला त्यांची गरज उरली नाही, तेव्हा सरकारने त्या नागरिकांना स्वस्तात विकल्या. घेणाऱ्यांनी त्यांचे जड लाकडी दस्ते तासून हलके केले आणि त्यांना शिकारीच्या बंदुकीचे रूप दिले. ही रायफलही तशीच बदललेली होती. संग्राहकांना प्रिय असलेले मूळ लष्करी रूप तिच्यात शिल्लक नव्हते. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण मूळ स्थितीतील जुन्या शस्त्रावरचा मूळ लेप खरवडला तर त्याचे ऐतिहासिक मोल जाते आणि ते कोणत्याही रंगाने परत येत नाही. अशा वस्तूला हात न लावणे हेच तिचे जतन होय. येथे ती अडचण नव्हती.

तरीही मी प्रथम तिचा अनुक्रमांक पाहिला. त्याचे कारण रंगाशी निगडित नाही. पण रंगाची मर्यादा समजण्यासाठी ते उपयोगी आहे. स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळेत सुरुवातीच्या काळात पोलाद घडवताना त्याची उष्णता कारागीर डोळ्याने, धातूच्या लालीवरून जोखत असत. आकाश ढगाळ असेल तेव्हा तीच लाली निराळी दिसते आणि लख्ख उन्हात निराळी. काही पोलाद त्यामुळे गरजेपेक्षा अधिक तापले आणि ठिसूळ झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात काही रायफली फुटल्यावर चौकशी झाली, उष्णता मोजणारी उपकरणे बसवली गेली आणि प्रक्रिया बदलली. त्या शस्त्रशाळेच्या आठ लाखांखालील क्रमांकांच्या रायफली आजही संशयास्पद मानल्या जातात, आणि जाणकार त्या चालवू नयेत असे सांगतात. अशी रायफल वरून कितीही देखणी रंगवली तरी आतला ठिसूळपणा तसाच राहील. आमच्या रायफलीचा क्रमांक त्या मर्यादेच्या बराच पुढचा होता.

कामाला आरंभ करण्यापूर्वी एक नियम आम्ही तिघांनी पाळला. बंदूक रिकामी आहे याची खात्री प्रत्येकाने स्वतंत्रपणे करायची. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबायचे नाही. मुलाने बोल्ट मागे ओढला, गोळीची जागा डोळ्यांनी पाहिली, बोटाने चाचपली, मॅगझिन तपासले. मग मी तेच केले. मग त्याच्या आजीने तेच केले. नंतर बोल्ट काढून बाजूला ठेवला, दारूगोळा घराच्या दुसऱ्या टोकाला कुलपात गेला आणि दस्त्याचे स्क्रू सुटले. अक्रोडाच्या लाकडातून पोलादी नळी प्रथमच उचलली गेली, तेव्हा खरी स्थिती दिसली.

वरच्या बाजूस जे चार-दोन ठिपके होते, ते काहीच नव्हते. नळीचा लाकडात दडलेला खालचा भाग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तांबूस खवल्यांनी भरला होता. पावसात-बर्फात भिजलेले लाकूड आतून ओले राहते आणि तो ओलावा वर्षानुवर्षे पोलादाला चिकटून बसतो. बाईंना याचे फार आश्चर्य वाटले. त्यांचे यजमान हंगामात रोज संध्याकाळी रायफल पुसत. तेलाचा बोळा एका डब्यात असे आणि जेवणापूर्वी तो बाहेर निघे. या नेमात खंड पडलेला त्यांना आठवत नव्हता. त्यांचे म्हणणे खरेच होते, आणि रायफलच त्याची साक्ष देत होती. जिथे त्यांचा बोळा पोहोचत होता तिथे गंज जवळजवळ नव्हता. जिथे पोहोचत नव्हता तिथे तो निर्वेध वाढला होता.

गंज म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगायला हवे. लोखंड, प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की लोखंडाचे पाणीयुक्त ऑक्साइड तयार होते. ते मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते, त्यामुळे पृष्ठभागावर घट्ट न बसता खपलीसारखे सुटते आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. मीठ या क्रियेला वेग देते. कोकणातल्या घरांचे गज खाऱ्या वाऱ्याने लवकर का खचतात आणि घामेजल्या बोटांचे ठसे पोलादावर तपकिरी होऊन का उमटतात, याचे उत्तर एकच आहे.

यावर माणसाने दोन प्रकारचे उपाय शोधले. पहिल्या उपायात लोखंडाकडूनच त्याचे संरक्षण करवून घेतले जाते. जुन्या बंदुकांचा निळसर काळा रंग हा रंग नसतोच. सुमारे १४० अंश सेल्सिअस तापलेल्या दाहक क्षारांच्या द्रावणात पोलाद बुडवले की त्याच्या पृष्ठभागाचे काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. हे ऑक्साइड तांबड्या गंजासारखे खपल्या धरत नाही. ते धातूला बिलगून राहते. या क्रियेला ब्लूइंग म्हणतात. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर टिकून आहे, त्याचेही रहस्य याच जातीचे आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्याने पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर आपोआप तयार झाला. मात्र ब्लूइंगचा थर अत्यंत पातळ आणि सच्छिद्र असतो. तो एकटा पुरत नाही. त्याला तेल लागते, आणि तेल लावणारा माणूस लागतो.

दुसरा उपाय म्हणजे बाहेरून आवरण घालणे. आपल्याकडची कल्हई आठवा. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकू नये म्हणून आत कथलाचा थर दिला जाई. कल्हईवाला भांडे प्रथम घासून स्वच्छ करी, भट्टीवर तापवी, नवसागर टाकी आणि मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने ते सर्वत्र पसरवी. भांडे जिथे नीट घासलेले नसेल तिथे कथील धरत नसे. शेंदराचेही तसेच. मारुतीच्या मूर्तीला लावला जाणारा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे एक ऑक्साइड. तेच तेलात खलून एकेकाळी लोखंडी पूल आणि जहाजे यांना गंजरोधक अस्तर म्हणून लावले जाई. शिसे विषारी असल्यामुळे तो वापर मागे पडला. आजचे रेड ऑक्साइड हे लोखंडाचेच ऑक्साइड आहे. गंजाच्याच कुळातले द्रव्य आपण गंजापासून रक्षण करण्याच्या लेपात वापरतो, हे गमतीचे आहे.

मुलाला हवे होते ते आवरण या दुसऱ्या जातीचे होते. त्याचे तीन मुख्य प्रकार बाजारात मिळतात. पहिला भट्टीत भाजून पक्का करायचा. त्याला सुमारे १२० ते १६० अंश सेल्सिअस उष्णता एक-दोन तास द्यावी लागते. तो सर्वांत कणखर. परंतु या रायफलीची नळी एकटीच एकसष्ट सेंटिमीटर लांब आहे. सांगाड्यासह ती घरच्या ओव्हनमध्ये मावत नाही, आणि ज्या भट्टीत असे द्रव्य भाजले तिच्यात पुन्हा अन्न शिजवू नये. दुसरा प्रकार दोन भाग मिसळून फवारायचा. त्यातील अनेक लेपांच्या कठीणकात आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. ती फवाऱ्यातून श्वासात गेली तर कायमचा दमा जडू शकतो. कारखान्यात आम्ही ती बाहेरून हवा पुरवणारे मुखावरण घालूनच हाताळत असू. घरच्या गॅरेजमध्ये ती उघडायला मी ठाम नकार दिला. तिसरा प्रकार डबाबंद इपॉक्सीचा. तो हवेतच सुकतो, पक्का व्हायला आठवडे घेतो. पण सुकेपर्यंत थांबण्याची तयारी असेल तर घरच्या कामाला पुरेसा आहे. आम्ही तो निवडला. रंग कोळशासारखा काळा, चमक नसलेला.

पुन्हा ब्लूइंगच का करू नये, असे बाईंनी विचारले. प्रश्न योग्य होता. मी त्यांना खरे तेच सांगितले. ब्लूइंग केलेली बंदूक रोज पुसणारा माणूस मागते. मुलगा वर्षातले दहा महिने दूर असणार. घरी येईल तो सणापुरता, जंगलात जाईल तो पावसात, आणि परतल्यावर बोळा शोधेलच याची खात्री तोही देत नव्हता. शिवाय लाकडाआडच्या ज्या भागाचा नाश झाला, तिथे आजोबांसारख्या नेमाच्या माणसाचाही हात पोहोचला नव्हता. अशा जागेसाठी आवरण हाच उपाय होता. बाईंनी होकार दिला. मात्र त्या म्हणाल्या, “आधी सगळे भाग माझ्यासमोर मांडा.”

आम्ही एका जुन्या चादरीवर सारे भाग ओळीने मांडले. त्यांनी एकेक उचलून पाहिला आणि मॅगझिनचे तळझाकण हातात येताच त्या थांबल्या. हा बोटभर रुंदीचा पोलादी पट्टा रायफलीच्या पोटाशी, चापाच्या पुढे बसतो. रायफलीचा तोल साधारण तिथेच असतो, म्हणून चालताना ती एका हाताने तिथेच धरली जाते. त्या पट्ट्यावरची निळसर काळी झाक नाहीशी झाली होती. कडांना ती शिल्लक होती. मध्ये मात्र पोलाद चांदीसारखे उजळ झाले होते. चाळीस हिवाळे जो हात तिथे असे, त्याने ते घासले होते. आणि त्या उघड्या पोलादावर गंजाचा एक ठिपकाही नव्हता. लेप जाऊनही ते टिकले होते, कारण संध्याकाळच्या बोळ्याचा पहिला स्पर्श त्यालाच होत असे.

मुलाचा बेत सगळेच भाग काळे करण्याचा होता. एकसारखे दिसेल, असे तो म्हणाला. व्यावहारिक दृष्टीने त्याचे चूक नव्हते. उघडे पोलाद हे गंजाला आमंत्रणच असते. त्याच्या आजी बराच वेळ तो पट्टा हातात धरून बसल्या. मग त्यांनी तो चादरीवर परत न ठेवता टेबलाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर ठेवला. “बाकी सगळे तू रंगव,” त्या नातवाला म्हणाल्या, “हे तसेच राहू दे. तुला पुसायला काहीतरी उरले पाहिजे.”

मी आयुष्यभर आवरणांचे काम केले. आवरण जितके चांगले तितकी माणसाला वस्तूची काळजी कमी, हे आमच्या धंद्याचे ब्रीद होते आणि त्यात गैर काही नाही. पुलाच्या प्रत्येक तुळईला रोज तेल लावता येत नाही. परंतु काळजी कमी होणे आणि संबंध कमी होणे या दोन गोष्टी एकमेकींच्या किती जवळ असतात, हे त्या बाईंच्या एका वाक्याने मला जसे दाखवले तसे माझ्या नोकरीने दाखवले नव्हते. त्यांनी आवरणाला नकार दिला नाही. आवरण कुठवर असावे, एवढेच त्यांनी ठरवले.

पुढचे काम कष्टाचे होते आणि त्यातले नव्वद टक्के रंगाचा डबा हाती घेण्यापूर्वीचे होते. ॲसिटोनने सारे तेल धुतले. कारखान्यात आम्ही अशा वेळी ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांचा झोत वापरत असू, कारण त्याने पृष्ठभागाला एकसारखा खरखरीतपणा येतो आणि लेपाला धरायला जागा मिळते. साधी वाळू वापरू नये. तिची धूळ फुफ्फुसांचा नाश करते. गॅरेजमध्ये झोताची सोय नव्हती. म्हणून मुलाने दोन दिवस हाताने घासले, प्रथम जाड पॉलिश पेपरने आणि मग बारीक पेपरने. खपल्या गेल्या, खाली गंजाने पाडलेले बारीक खड्डे राहिले. ते भरून काढू नयेत, असे मी सांगितले. खोलवरचा गंज निघणे आवश्यक होते. त्याची खूण पुसणे आवश्यक नव्हते. शिवाय ते दस्त्याच्या आतच दडणार होते.

घासून झाल्यावर उघड्या हाताचा स्पर्श वर्ज्य. बोटावरचे अदृश्य तेलही लेपाला पकडू देत नाही, म्हणून त्यानंतर आम्ही हातमोजे घातले. हेअर ड्रायरने नळी कोमट केली, तेव्हा सांध्यांमध्ये दडलेले जुने तेल घामासारखे बाहेर आले. ते पुसले, पुन्हा कोमट केले, पुन्हा पुसले. तिसऱ्या खेपेस कापड कोरडे निघाले. नळीची दोन्ही तोंडे बुचांनी बंद केली, कारण आत रंग जाणे धोक्याचे असते. बोल्ट जिथे फिरतो आणि जिथे घट्ट अडकतो ते भाग, तसेच चापाची यंत्रणा, यांना रंग लावला नाही. तिथले माप केसाहूनही बारीक असते आणि एका थरानेही ते बिघडते. अनुक्रमांकावर थर अगदी विरळ द्यायचे ठरले. तो स्पष्ट वाचता आला पाहिजे. तो नाहीसा करणे अमेरिकेतील संघराज्याच्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

सप्टेंबरमधला कोरडा, उबदार दिवस आम्ही निवडला. दार उघडे ठेवले, जवळ ज्योत किंवा ठिणगी राहणार नाही हे पाहिले आणि द्रावकाची वाफ अडवणारे मुखवटे लावले. धुळीचा साधा मुखवटा वाफेला अडवत नाही. नळी तारेने छतास टांगली. फवारा वस्तूच्या कडेबाहेर सुरू करायचा आणि कडेबाहेरच थांबवायचा. अंतर वीतभराहून थोडे अधिक. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. पहिल्या हातात पोलाद झाकायचा हट्ट धरायचा नाही. पहिला हात केवळ धुक्यासारखा पडावा. तरुण माणसाला हे अवघड जाते. एकाच खेपेत सारे काळेभोर व्हावे असे त्याला वाटत होते, आणि जिथे हात रेंगाळतो तिथेच ओघळ येतो. मी त्याच्या मनगटाला हात लावून एकदा गती दाखवली. नंतर तो शांतपणे फवारत गेला. तीन विरळ हातांनंतर नळी मखमलीसारखी काळी दिसू लागली.

मग सर्वांत कठीण काम आले, ते थांबण्याचे. लेप काही तासांत बोटाला लागेनासा होतो. पण स्पर्शाला सुकणे आणि आतून पक्के होणे यांत आठवड्यांचे अंतर असते. या काळात नखाने तपासू नये, तेल लावू नये, जुळणी करू नये. मुलगा महाविद्यालयात परत गेला, हे एका अर्थी बरेच झाले. दीड महिना ती नळी बाईंच्या कुलूपबंद कपाटात तारेला टांगलेली होती. दरम्यान बाईंनी दस्त्याच्या आतल्या खाचेला जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले, म्हणजे लाकूड यापुढे पाणी कमी पिईल. मी काही न सांगता त्यांनी हे स्वतःच ठरवले होते.

नोव्हेंबरमध्ये मुलगा आला. आम्ही रायफल जुळवली, पुन्हा तिघांनी ती रिकामी असल्याची खात्री केली आणि एका परवानाधारक कारागिराकडून ती चालवण्यास सुरक्षित आहे हे तपासून घेतले. काळ्या, निस्तेज नळीखाली तो एकच उजळ पट्टा वेगळा उठून दिसत होता. मुलाला तो आरंभी खटकला असावा; पण रायफल उचलताना त्याची बोटे आपोआप तिथेच गेली, कारण तोल तिथेच आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही दिवसाची कामे उरकून रात्री अभ्यासाला बसता. वस्तू जपण्यासाठी लागणारा वेळ किती महाग असतो, हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. म्हणून आवरणांना नावे ठेवू नका. फाटकाला रेड ऑक्साइड लावा, वर रंगाचे दोन हात मारा आणि पुढची काही वर्षे निश्चिंत राहा. त्यापूर्वी खालचा गंज मात्र मन लावून घासा, कारण लेप गंजाला मारत नाही, फक्त झाकतो. आणि घरात एखादी वस्तू अशी असेल की जिच्यावर कोणाच्या हाताने झीज पाडली आहे, अडकित्त्याची मूठ, विळीचे पाते, शिवणयंत्राचे चाक, तर तिला रंग देण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहा. झीज आणि गंज लांबून सारखेच जुने दिसतात. जवळून पाहिले की कळते, एक हात लागल्याने आलेली असते आणि दुसरा हात न लागल्याने.

त्या वर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी दिवसभर भुरभुर बर्फ पडत होते. मुलाला हरीण दिसले नाही. संध्याकाळी मी काही कारणाने शेजारी गेले, तेव्हा तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसला होता आणि त्याच्यापुढे तो जुना डबा उघडा होता. नळीवरून त्याने कोरडे फडके एकदाच फिरवले. तिला त्याहून अधिक काही नको होते. मग त्याने तेलाचा बोळा घेतला आणि त्या पट्ट्यावर सावकाश फिरवू लागला.